खोट सांगणारे मास्टर

मास्टरांच्या दुकानात कुणाचं कौतुक करायचं असेल तर आधी त्याची खोट सांगावी लागायची. हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी तीस वर्षं मोडू दिला नाही. "एक खूबी, एक खोट. खोट सांगता येत नसंल तर तुम्ही पोराला बघितलंच नाय, नुसते खूश झाले," असं ते म्हणत. म्हणताना तोंडात टाचण्या असत, त्यामुळे वाक्य दातांच्या फटीतून यायचं.

मास्टर म्हणजे आमच्या गल्लीतले टेलर. शहागंजच्या मागे त्यांचं दुकान आणि त्याला लागून माझं फॉल-पिकोचं. मध्ये प्लायवुडची एक फळी. माझ्याकडे कापडाच्या कडा बांधायचं इंटरलॉकचं मशीन असल्यामुळे त्यांचे कापलेले तुकडे माझ्याकडे यायचे आणि त्यांच्या दुकानातलं बोलणं फळीतून आपोआप यायचं. मला फुटबॉलमध्ये काडीचा रस नाही. बावीस माणसं एका चेंडूमागे का धावतात हे मला अजून कळलेलं नाही. पण त्या फळीमुळे शहरातल्या कुठल्या कॉलेजचा कुठला मुलगा डाव्या पायाने मारतो, हे मला वर्षानुवर्षं पाठ होतं.

त्याचं कारण आमच्या लीगची एक पद्धत. गल्लीचा संघ, सितारा इलेव्हन, शहराच्या लीगमध्ये खेळतो. आठ संघ आहेत. कॉलेजांच्या आपसातल्या स्पर्धा संपल्या की आठही संघांची माणसं मैदानावरच्या खोलीत बसतात आणि कॉलेजची मुलं पाळीपाळीने निवडतात. मागच्या वर्षी जो संघ तळाला गेला, त्याची पाळी पहिली. ज्याला कुणीच निवडलं नाही, तो त्या वर्षी लीग खेळत नाही. निवडीच्या आधीचे पंधरा दिवस मास्टरांच्या दुकानात संघाचे चाहते जमायचे आणि कुणाला घ्यायचं यावर भांडायचे. शेवटचा शब्द मास्टरांचा. ते स्वतः कधी फार मोठे खेळाडू नव्हते, पण त्यांची नजर पक्की आहे असं सगळे मानत.

ती नजर कशी होती ते मी एकदाच पाहिलं. जर्सींचा गठ्ठा घेऊन मी आमखास मैदानावर गेले होते. सामना रंगात होता, लोक ओरडत होते आणि मास्टर भलतीकडेच बघत होते. "मास्टर, चेंडू तिकडे आहे," मी म्हटलं. "बॉल तर सगळेच बघतेत, ताई. बॉल गेला की पोरगं काय करतं ते बघा. हात कमरेवर ठेवून उभं राहतं का मागं पळतं. तिथं कळतं." मी जर्सी मोजून दिल्या आणि परत आले. पण गिऱ्हाईक पैसे देऊन वळल्यावर कसं चालतं हे मी तेव्हापासून बघते. उपयोग होतो.

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचं आहे, त्या वर्षी सितारा इलेव्हन आदल्या लीगमध्ये तळाला गेलेली होती, म्हणजे निवडीची पहिली पाळी आमची. आणि त्याच वर्षी मास्टरांचा धाकटा मुलगा नावेद कॉलेजच्या संघातून खेळत होता. लग्नानंतर खूप वर्षांनी झालेला, उंच, सडपातळ मुलगा. गल्लीत सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की पहिलं नाव नावेदचं. मास्टर काही बोलत नव्हते, पण पहिल्या पाळीला निवडायच्या मुलाच्या जर्सीचं कापड त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

निवडीच्या महिनाभर आधी त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. नावेदची नवी पँट त्यांनी कापली आणि तुकडे इंटरलॉकला माझ्याकडे पाठवले. मी तुकडे एकावर एक ठेवले तर डाव्या मांडीचे तुकडे अरुंद. थोडेथोडके नाही, चांगले दिसण्याइतके. मी ते घेऊन तडक गेले. "मास्टर, तुमचं कटिंग चुकायला लागलं. चष्मा बदला."

त्यांनी दुकानात कुणी नाही हे बघितलं आणि टाचण्या तोंडातून काढून डबीत ठेवल्या. "चुकलं नाय, ताई. मापच तसं हाय. डावी मांडी दीड इंचानं बारीक झाली. सारखी कापली असती तर डावा पाय फडफडला असता. लोकांना दिसलं असतं."

पाय वापरात नसला की मांडी सुकते, हे त्यांना मापं घेऊन घेऊन माहीत होतं. त्यांच्या एका गिऱ्हाईक डॉक्टरला त्यांनी नाव न सांगता विचारलं होतं. गुडघ्याच्या आतलं काहीतरी फाटलं असणार; वर्षभर खेळणं बंद आणि उपचार, नाहीतर एका धक्क्यात कायमचा अधू, असं डॉक्टर म्हणाले होते.

"नावेदला विचारलं का?"

"नाय. त्यानं लपवलंय. लपवलंय म्हंजे त्याची इज्जत हाय त्यात. मी कसं उघडं करू?"

"मग पळू देणार तसंच?"

"तेच तर. ह्या वर्षी त्याला कुणी घ्यायला नको." तुकडे परत माझ्या हातात देत ते म्हणाले, "पण गुडघ्याचं नाव निघायला नको. आळस एका वर्षात जातो, ताई. गुडघ्याचं नाव एकदा लागलं की जात नाय. मग कुणीच हात लावत नाय त्या पोराला."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर चांगलंच पटलं. व्यवहारी बोलणं मला नेहमी पटतं. "कुणाला बोलू नका," ते म्हणाले. मी कशाला बोलते? दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला सवय नाही, याचा मला तेव्हा अभिमान होता.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी दुकान भरलं होतं. मी फळीअलीकडे एका साडीला फॉल लावत होते. बोलणारे मुख्य दोघंच. बब्बूभाई रिक्षावाले आणि गणिताचे निवृत्त शिक्षक देशमुख सर, ज्यांच्या वहीत प्रत्येक मुलाचा हिशेब असायचा.

"इंजिनिअरिंगचा तो लंबू घ्या," बब्बूभाई म्हणाले. "बारा गोल मारले पोट्ट्यानं, बारा!"

"त्यातले सात पेनल्टी," देशमुख सर वही न उघडता म्हणाले.

"तो क्या हुआ, सर? गोल तो गोल है."

"पेनल्टी तर तुमची बेगमसुद्धा मारेल."

"मारंल ना! रोज मलाच मारती. तिलाच घ्या मग."

हसणं ओसरल्यावर सरांनी फुलंब्रीच्या संतोषचं नाव काढलं. बचावाला खेळणारा, शेतकऱ्याचा मुलगा, रोज एसटीने येऊन-जाऊन कॉलेज करणारा. "खूबी अशी की त्याच्या अंगावरून कुणी जात नाही."

"आणि खोट?" मास्टरांनी विचारलं.

"खोट अशी की दुसऱ्या हाफमध्ये त्याचं अर्धं लक्ष बसकडे असतं."

"सर, त्याला मी रिक्षानं सोडतो फुलंब्रीला, पण आधी माझं ऐका," बब्बूभाई म्हणाले. "लंबू नक्को, फुलंब्री नक्को. घरचा पोरगा असताना बाहेर कायको बघायचं? आपला नावेद. वाऱ्यासारखा जातो कडेनं. मी नाव घेतलं. लिहा, सर."

"खोट?" सर हळूच म्हणाले. नियम होता.

बापासमोर मुलाची खोट कोण सांगणार? तेवढ्यात नावेदच आला. मास्टरांचा डबा घेऊन तो दारात उभा होता. मी फळीच्या कडेने बघितलं. चेहऱ्यावर लाज होती आणि आनंदही होता, कारण आपलं नाव निघालेलं त्याने ऐकलं होतं.

मास्टरांनी त्याला पाहिलं. मला वाटलं, आता थांबतील. पण उद्या सकाळी निवड होती आणि बब्बूभाईंचा मेहुणा दुसऱ्या संघात होता. इथं बोललेलं तासाभरात आठही संघांत जायचं. मास्टरांना तेच हवं होतं.

"खोट मी सांगतो," ते म्हणाले. "बॉल गेला की उभा राहतो. मागं पळत नाय. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. आळशी हाय. कामचोर. असला खेळाडू मी माझ्या संघात घेणार नाय. लिहा, सर, फुलंब्री."

सगळ्यांनी खरंच बघितलं होतं. मागच्या काही सामन्यांत नावेद मागे पळत नव्हता. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. उलट, काय माणूस आहे, सख्ख्या मुलाला सोडत नाही, अशी कुजबुज झाली. नावेदने डबा कटिंगच्या टेबलावर ठेवला. झाकण नीट बसलंय का ते बघितलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी संतोषला सितारा इलेव्हनने घेतलं आणि नावेदला कुणीच घेतलं नाही. मास्टरांनी ठरवलं तसंच झालं. संतोष छान खेळला, संघ तळातून दुसऱ्या क्रमांकावर आला आणि मास्टरांच्या नजरेचा शहरभर गाजावाजा झाला. त्या वर्षी मास्टर एकदाही मैदानावर गेले नाहीत. शिवण फार आहे म्हणायचे. तेवढी नव्हती, इंटरलॉकला माझ्याकडे किती येतं हे मला माहीत होतं.

नावेदने बूट कुणाला तरी देऊन टाकले. वाळूजला एका कंपनीत रात्रपाळी धरली. घरात राहायचा, जेवायचा, अम्मीशी बोलायचा. अब्बांशी नाही.

"मला वाटलं दोन दिवस रुसंल," मास्टर एकदा म्हणाले.

"सांगून टाका ना आता खरं. निवड झाली, वर्ष गेलं."

"गुडघा बरा होऊ द्या. मग सांगतो. आत्ता सांगितलं तर म्हणंल, अब्बांना माहीत होतं तर दवाखान्यात का नाय नेलं."

"का नाही नेलं?"

त्यांनी मशीन सुरू केलं. तोंडात टाचण्या होत्या, पण त्या असल्या तरी एरवी ते बोलायचे.

मी पुन्हा विचारलं नाही. दुसरं वर्षही तसंच गेलं. मग एका सकाळी दुकान उघडताना शटर अर्ध्यावर असतानाच ते खाली बसले. मी आणि बब्बूभाईंनी त्यांना रिक्षात घातलं. दवाखाना दोन चौक पुढे होता, पण तिथे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जनाज्याला आठही संघांतली माणसं होती. संतोष फुलंब्रीहून आला होता. नावेद खांदा देताना डाव्या पायावर भार टाकत नव्हता, हे मला दिसलं. इतर कुणाला दिसलं असेल असं वाटत नाही.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर नावेद दुकान रिकामं करायला आला. कात्र्या, खडूची डबी, न शिवलेली कापडं खोक्यात भरत होता. मी माझं मशीन बंद केलं, फळीला वळसा घालून गेले आणि सगळं सांगून टाकलं. पँटचे तुकडे, दीड इंच, डॉक्टर, आळस आणि गुडघ्याचं ते बोलणं. लांबण लावली नाही. मला वाटलं, मुलगा मोकळा होईल. माझ्या हिशेबाने गोष्ट सरळ होती: न कळल्यामुळे राग होता, कळलं की जाईल.

तो खोक्यावर बसला.

"ती पँट घातली तेव्हाच मला कळलं होतं, काकू," तो म्हणाला. "दोन्ही पाय सारखे बसले ना. मला वाटलं, अब्बांना समजलं. बरं वाटलं मला. वाटलं, आता तेच सांभाळतील, मला सांगायला नको." त्याने खोक्याची पट्टी नखाने उचकटली. "गुडघा म्हणाले असते तर चाललं असतं. नाव लागलं असतं तर लागलं असतं. लंगडत येऊन त्यांच्याशेजारी बसलो असतो, काजं-बटणं केली असती. कामचोर म्हणाले. मी त्या पायावर चार मॅच खेळलो होतो, काकू. रडत खेळलो. आणि ते त्यांना माहीत होतं."

दोन वर्षं मला वाटत होतं की त्याला माहीत नाही, हीच अडचण आहे. मास्टरांनाही तसंच वाटत होतं. घरातल्या दोघांना आणि शेजारच्या मला एकच गोष्ट ठाऊक होती आणि तिघंही ती एकमेकांपासून जपत बसलो होतो.

"नंतर काही म्हणाले होते का, माझ्याबद्दल?" त्याने विचारलं.

मी खोटं बोलत नाही. म्हणून जे होतं तेच सांगितलं. तो संध्याकाळी कंपनीच्या बससाठी दुकानासमोरून चौकात जायचा, सव्वासहाच्या सुमारास. त्या वेळी मास्टरांचं मशीन थांबायचं. तो पलीकडच्या कडेने जाईपर्यंत ते बघत राहायचे. पायाकडे. कधी म्हणायचे, "आज बरा टाकतोय पाय." कधी नुसतं, "आज दुखतंय." आणि मशीन पुन्हा सुरू व्हायचं.

"मशीन थांबायचं ते मला ऐकू यायचं," नावेद म्हणाला. "मला वाटायचं, मला बघून राग येतो त्यांना. म्हणून शेवटचे चार महिने मी मागच्या गल्लीतून जायला लागलो."

"माहीत आहे."

"मग? त्यानंतर?"

"त्यानंतरही सव्वासहाला मशीन थांबायचं," मी म्हटलं. "फक्त जास्त वेळ."