शिवाजी पेठेतले डुलणारे इलेक्ट्रॉन

माणसानं माती खावी, पण निदान घरात बसून खावी की नाही? मी भर मांडवात खाल्ली. गणपतीसमोर, हलगी वाजत असताना, अख्ख्या पेठेच्या साक्षीनं. चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकाच.

एमएस्सीचं शेवटचं वर्ष होतं. अमेरिकेत नुकतंच एक यंत्र चालू झालं होतं, क्ष-किरणांचा लेसर. झोत इतका लख्ख आणि इतका क्षणिक, की त्यात रेणूंची हालचालसुद्धा टिपता यावी. मी वाचलं आणि माझी झोप उडाली. जग रेणूंचे फोटो काढतंय, आणि आमचं मंडळ गणपतीत दरवर्षी तोच लढाईचा सजीव देखावा करतंय. त्याच पुठ्ठ्याच्या ढाली, त्याच चिकटवलेल्या मिश्या. मला ते सहनच होईना.

बैठकीत उभा राहिलो. "यंदा विज्ञान दाखवायचं."

अध्यक्ष बापू तंबाखू मळत होते. "त्यात तलवार हाय काय?"

"न्हाय."

"घोडा?"

"न्हाय बापू. इलेक्ट्रॉन हायत."

"मग माणसं कशाला बघत्याली?"

मी इतका भांडलो, की शेवटी बापूच कंटाळले. "कर तुला काय करायचं ते. पण देखाव्याच्या स्पर्धेत आपला नंबर येऊन लई वर्सं झाली. ह्या खेपेला न्हाय आला, तर मंडळाची पायरी चढायची न्हाय. पुस्तकं घेऊन घरात बसायचं."

योजना सोपी होती. यंत्रात इलेक्ट्रॉन वेगानं सुटतात. वाटेत दोन्ही बाजूंना चुंबकं. एक डावीकडे ओढतं, पुढचं उजवीकडे. इलेक्ट्रॉन हेलकावे खातात, प्रत्येक हेलकाव्याला प्रकाश सांडतो. हळूहळू सगळे एका तालात येतात आणि मग प्रकाशाचा असा भडका होतो की बास.

इलेक्ट्रॉन म्हणून तालमीतली पोरं घेतली. चुंबकांच्या जागी रिकामी पिंपं मांडली, एकाआड एक लाल-निळी. शेवटी डोळे दिपवणारा हॅलोजन. आणि त्या उजेडात ज्याचा फोटो निघायचा, तो रेणू? अर्थात मी. पांढऱ्या कपड्यांत, हात पसरून. दुसऱ्या कुणावर माझा भरवसाच नव्हता.

सगळ्यात पुढचा इलेक्ट्रॉन होता दिग्या. हा पैलवान रस्त्यानं चालला तर रिक्षा थांबून वाट देते.

"डुलायचं का पळायचं?" त्यानं विचारलं.

"पळता पळता डुलायचं."

"आमचा काका पगाराच्या दिवशी येतोय तसं?"

"अगदी तसंच," मी म्हणालो. घाई होती हो.

देखाव्याच्या दिवशी परीक्षक आले, एक निवृत्त हेडमास्तर. मी लिहिलेलं निवेदन सुरू झालं. पण पोरांना ताल मिळावा म्हणून हलगीही मीच ठेवली होती. ती कडकडली आणि निवेदनातला एकही शब्द कुणाच्या कानात गेला नाही.

पोरं मात्र काय डुलली म्हणता! पिंपांमधून डावीकडे झोकांडी, उजवीकडे झोकांडी, सगळी एका तालात. हॅलोजन पेटला. मी हात पसरले.

आता, खऱ्या यंत्रात शेवटी आणखी एक मोठं चुंबक असतं. ते इलेक्ट्रॉनांना वळवून बाजूला काढतं आणि प्रकाश एकटाच पुढं जातो. हे मला माहीत नव्हतं का? परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. फक्त पोरांना सांगायचं राहिलं.

हॅलोजननं त्यांचे डोळे दिपलेले, अंगात हलगी. सगळे एका तालात माझ्यावर आले. आधी दिग्या, मग त्याच्यावर उरलेले.

हलगी थांबली. मग एका बाईंचा आवाज, "मेला की गं बिचारा."

हेडमास्तरांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि माईक हातात घेतला. "व्यसनमुक्तीवर इतका प्रभावी देखावा मी पाहिला नाही. ती दारूची पिंपं, ती झोकांड्या खाणारी तरुण पिढी, समोरून आलेला तो गाडीचा प्रकाश आणि रस्त्यात चिरडलेला निष्पाप पादचारी! पहिला क्रमांक."

दिग्याच्या खालून मी मान बाहेर काढली. "सर, ते इलेक्ट्रॉन..."

बापूंचा तळवा माझ्या तोंडावर बसला. "मेलेला माणूस बोलत नसतोय. गप पड."

नंबर आला. मंडळाची पायरी शाबूत राहिली, पण ती चढायला पाय उरला नव्हता. प्लास्टर घालून घरी पडलो. त्यात भेटायला येईल तो पाठ थोपटून म्हणे, दारूवर लई भारी केलंस मर्दा.

अशात पांडातात्या आले. शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गुत्त्यातनं ते गल्लीत शिरले की लोक दारं लावून घेत. मागं त्यांची बायको, आमच्या काकू, हातात नारळ.

"पोरा, तुझा देखावा बघितला आन् घरातली बाटली मोरीत ओतली," तात्या म्हणाले. "तवापासनं थेंब न्हाय. तू माझं डोळं उघडलंस."

काकूंनी डोळे पुसले आणि नारळ माझ्या उशाशी ठेवला.

कुठल्याही शहाण्या माणसानं काय केलं असतं? नारळ घेतला असता आणि गप्प बसला असता. पण मला पहिल्यांदाच ऐकून घेणारं कुणीतरी भेटलं होतं.

"तात्या, बसा. तो देखावा दारूचा नव्हताच."

आणि सुरू झालो. इलेक्ट्रॉन, चुंबकं, लाटा, सगळं. कागद मिळेना म्हणून आकृती प्लास्टरवर काढली. तात्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"म्हंजे ती पिंपं दारूची न्हवती?"

"न्हाय. चुंबकं."

"आन् पोरं प्यालेली न्हवती?"

"इलेक्ट्रॉन होती, तात्या."

"आन् तू?"

"मी रेणू."

तात्यांनी प्लास्टरवरच्या आकृतीवरनं एकदा बोट फिरवलं. मग उठले, टोपी नीट केली आणि काकूंना म्हणाले, "तू हो म्होरं घरला. मी जरा कोपऱ्यावर जाऊन येतो. एवढं सगळं डोस्क्यात घिऊन आज झोप लागायची न्हाय."

काकूंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि उशाशी ठेवलेला नारळ उचलून परत घेऊन गेल्या.