नेरच्या पुढे, उन्हावरची मोटर बघायला

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही सहल. जळगावला पिंप्राळ्यात माझं जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. फेब्रुवारीत मावसबहिणीचं, वत्सलाअक्काचं पोस्टकार्ड आलं. तिच्या डाळमिलवर पुण्याची एक कंपनी सूर्यावर मोटर चालवून दाखवणार होती, तर तू येऊन बघ. कार्ड मी दुकानात मोठ्याने वाचलं आणि सगळे पोट धरून हसले. पंधरा हॉर्सपॉवरची मोटर, उन्हावर! उन्हात पापड वाळतात हो, मोटरी फिरत नाहीत. फुकटचा तमाशा कोण सोडेल, म्हणून सकाळच्या एसटीने निघालो.

तुम्ही कधी या रस्त्याने गेलात तर धुळ्याकडे जाताना उजवीकडची खिडकी धरा, डावीकडे ऊन भाजून काढतं. एरंडोलपर्यंत हाडं खिळखिळी होतात, पारोळ्याला चहा मिळतो, पण त्याला चहा का म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. धुळ्यात मात्र स्टँडजवळच्या खानावळीत शेवभाजी खा. रस्सा डोळ्यांतून पाणी काढतो आणि दहा-बारा रुपयांत पोट भरतं. तिथून साक्रीची गाडी पकडायची आणि नेरच्या पुढे उतरायचं.

साक्रीच्या गाडीत शेजारी अक्काच्याच गावचे एक आबा बसले होते.

"सूर्यवर मोटर चालस का हो भाऊ?" त्यांनी विचारलं.

"चालली तर मिशी उतरवीन," मी म्हणालो.

आबा माझ्यासोबतच उतरले आणि मी अक्काच्या दारात पोचायच्या आधी माझी मिशी गावभर पोचली होती.

मिलवर पाहतो तर पत्र्यावर काळ्या काचा मांडलेल्या, आत ट्रकच्या असतात तशा बॅटऱ्यांच्या रांगा आणि कपाटाएवढी एक लोखंडी पेटी. नाकापेक्षा मोती जड! पेटीचं काम बॅटरीच्या करंटचा मोटरीला लागणारा करंट बनवायचं. आता, कुठलीही मोटर सुरू होताना पहिल्या झटक्याला पाच-सहा पट करंट ओढते, हे माझ्या दुकानातला झाडूसुद्धा सांगेल. तो झटका ही पेटी सोसणार कशी? पुण्याचा इंजिनियर देवधर टाय लावून त्या धुळीत उभा होता. टाय! आमच्याकडे लग्नात नवरदेवसुद्धा लावत नाही.

अक्काचा नवरा शाळामास्तर, गिरणीत पाऊल टाकायचा नाही. मिल चालवायची ती अक्काच. पण तीन फेजची लाइन यायची तर अवेळी यायची, नाहीतर यायचीच नाही. तिच्या आठ बाया कंटाळून दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला गेल्या होत्या. उद्या सकाळी जिल्ह्याचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर मोटर चालली तर हा सगळा संच इथेच राहणार होता, नाही चालली तर ट्रकमध्ये भरून दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होता.

"हाई मोटर चालनी ना भाऊ, मंग मन्या आठी बाया परत येतीन," अक्का म्हणाली. मी नुसता हसलो.

दुपारी चार वाजता देवधरने चाचणी घेतली. मशीन पूर्ण रिकामं. त्याने आधी मोटरीला विजेचा थोडाच दाब दिला, तिने वेग धरला तसा पुरा दिला आणि मोटर फिरली! पट्टा सळसळला, रोलर गरगरले, पत्र्यावरची कबुतरं उडाली. अक्काने पदर तोंडाला लावला. मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

त्याने मलाच बाजूला घेतलं. "तुम्ही यातले जाणकार. उद्या मशीन रिकामंच सुरू करायचं, वेग आला की मग तूर सोडायची. एवढं अक्कांना नीट समजावून ठेवा. मला इथली बोली जमत नाही."

"सांगतो," मी म्हणालो.

जेवायला कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत होतं. असं भरीत तुम्हाला धुळ्याच्या कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. बोललो खूप, पण ते सोडून बाकी सगळं बोललो.

सकाळी साहेबांची जीप आली, देवधर तिकडे धावला. मिलमध्ये अक्का आणि मी, दोघंच. तिने मोटरीला हळदकुंकू लावलं आणि तुरीचं अख्खं पोतं मशीनमध्ये ओतलं. रोलर गच्च भरले.

"मुहूर्तले रिकामं चाक फिरावतस नही," ती म्हणाली. "बरकत जास."

ही आमच्याकडची जुनी रीत. मलाही ठाऊक होती. तिचा हात धरायला मला दोन पावलं टाकायची होती. मी दाराला टेकून उभा राहिलो.

देवधर साहेबांना घेऊन आत आला आणि साहेबांनी लगेच बटण दाबलं. मोटर नुसती घुमली, जागची हलली नाही. पेटीत फाट्‌कन आवाज झाला आणि जळकट वास सुटला. देवधर मशीनकडे धावला, आत हात घातला, मूठभर तूर बाहेर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. पेटीतले जळलेले भाग पुण्याशिवाय मिळणार नव्हते आणि साहेबांना थांबायला वेळ नव्हता. 'मोठ्या मोटरीस निरुपयोगी' असं लिहून ते निघून गेले. आबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली.

अक्का मला गाडीपर्यंत सोडायला आली. गाडी दिसली तेव्हा म्हणाली, "तुले मालूम व्हतं ना?"

मी खाली पाहिलं.

"तू बठ्ठं पाह्यं, आन् गप ऱ्हायना." एवढं बोलून ती वळली. मी गाडीत बसेपर्यंत एरवी ती थांबायची.

पिंप्राळ्यात दुकान उघडलं तर सगळे वाटच बघत होते. चालली का? नाही चालली! मग मी तो फाट्‌कन आवाज, तो टाय, साहेबांचं तोंड, सगळं रंगवून सांगितलं. पुढे कित्येक वर्षं सांगत राहिलो आणि लोक दर वेळी हसले. अक्काने पुढच्या उन्हाळ्यात मिल मोडीत काढली. त्या आठ बाया काही परत आल्या नाहीत.

हल्ली रावेरला केळीच्या बागांमधून जाताना जागोजाग त्याच काळ्या काचा दिसतात आणि खाली मोटरी चालत असतात. पोरं विचारतात, काका, तुम्ही तर म्हणायचात चालणार नाही? मी म्हणतो, आमच्या वेळी नव्हती चालत.

चालली होती. आदल्या दिवशी चार वाजता, माझ्या डोळ्यांदेखत. ही मिशी तेव्हाच उतरायला हवी होती.