फ्रिजच्या आधी की नंतर

वुडलँड्सला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये झिम्बाब्वेची एक नर्स राहायची, सोबत तिची म्हातारी आई. आईला आम्ही सगळे अंबुया म्हणायचो; त्यांच्या भाषेत आजी. घरमालकाने फ्लॅट परत मागितला आणि त्यांना बुकित बातोकला घर मिळालं. सामान हलवायची यादी अर्थातच माझ्याकडे आली. सिंगापुरात आम्ही इतकी घरं बदललीत की या बाबतीत माझा शब्द चालतो.

"अंबुयांना त्या दिवशी माझ्याकडे ठेव," मी शेजारणीला म्हटलं. "संध्याकाळी टॅक्सीने थेट लावलेल्या घरात. तिकडे सगळं तयार असेल. दगदग नको."

अंबुयांनी यादी मागून घेतली आणि चष्मा लावून वाचली.

"यात मी कुठे? फ्रिजच्या आधी की नंतर?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. लेकीला म्हणाल्या, "मला गावाचं तिकीट काढून दे."

लेकीचा चेहरा उतरला. गावी अंबुयांचं बघणारं कुणी उरलं नव्हतं.

मग त्यांनीच सांगितलं. त्या लहान असताना, इंग्रजांच्या राज्यात, त्यांच्या वस्तीची जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना द्यायचं ठरलं. सरकारी माणसं सांगून गेली, तिकडे सगळं तयार आहे. लॉरीत मागे, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून अंबुयांनी आपल्या झोपड्या पेटताना पाहिल्या. कुणी परत येऊ नये म्हणून पेटवलेल्या. तिकडे नुसतं रान होतं. पाणी लांब. धाकटा भाऊ पहिल्याच पावसाळ्यात तापाने गेला.

आपण 'गाव उठवलं' म्हणतो. लहानपणी मला वाटायचं, झोपेतून उठवलं.

दुसऱ्या दिवशी मी अंबुयांना एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बुकित बातोकला नेलं. रिकाम्या फ्लॅटमध्ये त्यांनी आधी स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि बराच वेळ हात पाण्याखाली धरला. मग खोल्या पाहिल्या. लेकीने ठरवलेली मोठी खोली नाकारून झाड दिसणारी लहान खोली घेतली.

"आणि तिकीट?" मी विचारलं.

"आधी पडदे बघू."

सामान हलवायच्या दिवशी लॉरी खाली येऊन थांबली. टॅक्सी मी सांगितलेलीच होती, पण अंबुया पर्स घेऊन सरळ लॉरीकडे गेल्या.

"अंबुया, अहो, लॉरीत कुठे बसणार?"

"पुढे," त्या म्हणाल्या. "रस्ता दिसला पाहिजे."

ड्रायव्हरने सीटवरचा डबा उचलून जागा केली. मी टॅक्सी रद्द केली.