एक स्वल्प म्हणजे किती?

नोकरी बदलली की टेबल, खुर्ची मागं राहते. किस्से तेवढे डब्याच्या पिशवीतून बरोबर येतात. बंगळूरला येऊन मला चार वर्षं झाली, तरी जेवायला बसलं की बेलूरच्या आमच्या अँटेना लॅबमधला एखादा निघतोच. आणि त्यात बसअण्णा असतातच.

बसअण्णा आमचे फिटर. मोबाईल टॉवरच्या अँटेनाचे पत्रे कापणं, वाकवणं त्यांच्याकडे. मी नवी इंजिनीअर, ड्रॉइंगमध्ये मिलिमीटरचे दोन-दोन दशांश लिहायची. अण्णांचं माप एकच, ‘स्वल्प’. कन्नडमध्ये थोडंसं. एकदा चिडून विचारलं, एक स्वल्प म्हणजे किती?

“जास्तीपेक्षा कमी,” अण्णा म्हणाले.

*

गच्चीवर टेस्टिंग चालायचं. शेजारच्या कारखान्याच्या वॉचमननं एकदा विनवलं, अँटेनाचं तोंड जरा माझ्या केबिनकडं करा, मोबाईलला रेंज येत नाही. आमचा अँटेना कुठल्याच नेटवर्कला जोडलेला नव्हता. तरी अण्णांनी वळवला. दुसऱ्या दिवशी वॉचमन पेढे घेऊन हजर, रेंज फुल्ल! मी समजावायला तोंड उघडलं, तर अण्णा कानाशी म्हणाले, “विज्ञान सांगून त्याची रेंज घालवू नका, अक्का.”

*

मग वाइडबँडचं काम आलं. जुन्या-नव्या सगळ्या फोनना एकच अँटेना चालला पाहिजे. सॅम्पल नापास झालं तर लॅब बंगळूरला हलणार होती, आणि तिथं फिटरला जागा नव्हती. अण्णांना हे ठाऊक होतं.

कंप्युटरवर माझं डिझाईन पास. प्रत्यक्षात वरच्या बँडला, म्हणजे नव्या फोनच्या लहरींना, नापास, तेही पाच वेळा. कस्टमर यायला एक दिवस उरला तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून चक्क रडले.

“कंप्युटर शाळा शिकलाय, अक्का. पत्र्याशी त्याची वळख न्हाई,” म्हणत अण्णांनी पक्कड घेतली आणि पत्र्याचा एक कोपरा स्वल्प वाकवला. टेस्टिंगच्या स्क्रीनवरची रेघ हवी तिथं येऊन बसली. मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

*

सॅम्पल पास झालं, लॅब बेलूरलाच राहिली. कोपऱ्याचा तो बाक मोजून काढायला मला दोन दिवस लागले. मग नवं ड्रॉइंग केलं, खालची ‘चेक्ड बाय’ची चौकट तपासणाऱ्या साहेबांसाठी मोकळी ठेवली आणि ‘डिझाईन्ड बाय’च्या चौकटीत अण्णांचं नाव घातलं. साहेब म्हणाले, अहो, ते दहावी नापास आहेत. मी म्हटलं, असू देत.

अण्णांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला आणि मान हलवली.

“हितं तुमचंच नाव ऱ्हाऊ दे, अक्का. माझं खाली घाला, ‘चेक्ड बाय’मधी.”