आधी सगळ्यांनी सामान बांधायचं

सिंधूताईंच्या हाताला चव आहे, असं टोकियोजवळच्या उरायासुमधला कुणीही मराठी माणूस सांगेल आणि लगेच पुढे म्हणेल, "दीप्तीताईंच्याही." या दोघींची नावं वेगळी घ्यायची पद्धतच नव्हती. दर रविवारी तिथल्या कोमिन्कानच्या, म्हणजे वस्तीच्या सार्वजनिक सभागृहाच्या स्वयंपाकघरात दोघी मिळून सगळ्यांच्या पंगतीचं रांधत. सुरुवातीला चारच घरं होती. मुंबईच्या बँकांतून दोन-तीन वर्षांसाठी आलेली, घरच्या वरणभाताला आसुसलेली माणसं. काही परत गेली, त्यांच्या जागी दुप्पट आली.

सिंधूताई मात्र परत गेल्या नाहीत. नाशिकहून भाषा शिकायला म्हणून आल्या, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या केंजी-सानशी लग्न केलं आणि नदीपलीकडे इचिकावात संसार थाटला. आठवडाभर बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात डब्यांत भात भरायचा, तोंडावर मास्क, बोलायची सोय नाही. घरी लेक आर्या मराठी प्रश्नाला जपानी उत्तर देते. केंजी-सान कुठल्याच भाषेत फारसं बोलत नाहीत. त्यामुळे आठवडाभर पोटात साठलेलं मराठी रविवारी दीप्तीसमोर, ओट्याशी, एकदम बाहेर पडे. माणसाला भाषा लागते ती शेवटी कुणाला तरी वैताग सांगायला.

एका रविवारी सभागृहाचे व्यवस्थापक दारात उभे राहिले, कमरेतून वाकले आणि म्हणाले, एवढी माणसं या खोलीत म्हणजे जरा अवघड आहे. जपानात "जरा अवघड आहे" म्हटलं की विषय संपला. दुसरी खोली मिळाली ती इचिकावात. पंगतीचे दोन भाग करणं आलं. पण नव्या जागी जायचं कुणी? फोनवर फोन झाले. जो तो म्हणे, आमची काही हरकत नाही, पण आम्ही इथेच बरे.

त्या सुमारास सिंधूताईंची भाची वृंदा क्योतोहून राहायला आली. ती भूगोलात पीएच. डी. करत होती. तिचा विषय ऐकून नातेवाईक आजवर नुसते माना डोलवत आले होते. हटराइट नावाच्या लोकांच्या शेतकरी वसाहती कुठे वसल्या आणि कशा पसरल्या, हा तो विषय.

"मावशी, तुझा प्रश्न माझ्या लोकांनी केव्हाच सोडवलाय," मटार सोलता सोलता ती म्हणाली.

"तुझे लोक कोण गं? आपण देशस्थ."

वृंदानं मूठभर दाणे टेबलाच्या कोपऱ्यात ठेवले. "हा युरोपातला मोराव्हिया. पाचशे वर्षांपूर्वी इथे काही माणसांनी ठरवलं, कुणाचं वेगळं असं काही नाही. शेत एक, चूल एक. आणि हातात शस्त्र धरायचं नाही. मग राजे त्यांना सुखानं जगू देतात होय?" दाणे पुढे सरकले. "ट्रान्सिल्व्हानिया. तिथूनही हाकललं. मग युक्रेन. तिथे सैन्यभरती मागे लागली, तेव्हा बोटीत बसून अमेरिका, डाकोटाचं माळरान. पहिल्या महायुद्धात तिथेही पोरांना तुरुंगात घातलं, तसे बहुतेक सगळे वर कॅनडात." दाणे आता चहाच्या किटलीपाशी पोचले होते. वृंदानं त्यांचे छोटे छोटे ढीग केले. "आज तिथे, अल्बर्टासारख्या प्रांतांत, शेकडो वस्त्या आहेत."

"इतक्या कशा झाल्या?"

"फुटून. वस्ती शंभर-सव्वाशेच्या पुढे गेली की सगळ्यांना पुरेल एवढं काम उरत नाही आणि रिकाम्या डोक्यात कुरबुरी सुरू होतात. म्हणून भांडण व्हायच्या आधीच वेगळं व्हायचं. लांब नवी जमीन घ्यायची, घरं बांधायची आणि अर्ध्यांनी जायचं."

केंजी-साननी हात लांबवून एक ढीग उचलला आणि तोंडात टाकला.

"काका! अख्खं अल्बर्टा खाल्लंत!"

"गोड आहे," केंजी-सान मराठीत म्हणाले.

"पण जायचं कुणी?" सिंधूताईंचा जीव तिथेच अडकला होता.

"ते कुणालाच माहीत नसतं. दोन गट करायचे, अगदी तोलून. म्हातारे, पोरं, सुतार, सुगरणी, सगळं दोन्हीकडे सारखं. मग दोन्ही गटांनी सामान बांधायचं. सगळ्यांनीच. आणि मग चिठ्ठी काढायची. ज्यांचं जायचं निघेल ते निघतात, उरलेले गाठोडी सोडतात."

"राहणाऱ्यांनीही बांधायचं?"

"म्हणजे जाणाऱ्याला एकट्यालाच उपटल्यासारखं वाटत नाही."

सिंधूताईंना हे फार आवडलं. आपल्याकडे आधी भांडण, मग वाटणी, मग कोर्ट. त्यांनी पुढच्याच रविवारी पंगतीत ही युक्ती मांडली. वयानं सगळ्यांत मोठे नरेंद्रकाका, ट्रेडिंग कंपनीतून निवृत्त होऊन मुलाकडे राहणारे, मांडीवर थाप मारून म्हणाले, "झकास! चला, गट पाडू."

तान्ही मुलं इकडे दोन, तिकडे दोन. गाडीवाले इकडेतिकडे. तबला इकडे, पेटी तिकडे. सिंधूताई उत्साहानं हे सगळं जमवत होत्या, तेवढ्यात काका म्हणाले, "राहिल्या सुगरणी. एकीकडे सिंधू, एकीकडे दीप्ती. यात विचार कसला करायचा?"

सिंधूताईंनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त याचा नाही.

भांडी घासताना दीप्ती म्हणाली, "हौस फिटली? आणखी बोलाव भाचीला!"

"मला काय ठाऊक असं होईल?"

"तोलून म्हणे! आपल्याला कुणी तोललंय का कधी? वजनकाटा मोडेल."

हसू आलं, पण दोघींनाही ते पुरतं हसता आलं नाही. घरी आल्यावर सिंधूताई वृंदाला म्हणाल्या, "रविवारी सांगते सगळ्यांना, रद्द. राहू दे ती पंगत. बंद पडली तरी चालेल."

 दुसऱ्या दिवशी वृंदा ठरल्याप्रमाणे उत्तरेला तोचिगीच्या डोंगरात गेली. तिथे जपानी माणसांचीच एक लहानशी हटराइट वस्ती आहे. संध्याकाळी परतली ती अंड्यांचा ट्रे सांभाळत.

"कशी आहेत माणसं?" सिंधूताईंनी तुटकपणे विचारलं.

"मूठभर आहेत गं. बहुतेक म्हातारी. डोक्याला ठिपक्यांचे रुमाल बांधून कोंबड्यांना दाणे टाकतात. जेवायचं दालन मोठं आणि एका टेबलाला सगळे मावतात. मी त्यांना तुमच्या पंगतीचं सांगितलं. एक आजी पुन्हा पुन्हा विचारत होत्या, 'खरंच फुटावं लागणार एवढी माणसं झाली?' त्यांची वस्ती कधीच फुटली नाही. फुटायला माणसंच जमली नाहीत. म्हणाल्या, 'मावशीला आमच्याकडून अभिनंदन सांग.' आणि ही अंडी दिली."

सिंधूताईंनी एक अंडं हातात घेतलं. अजून त्याला कोंबडीचं पीस चिकटलेलं होतं. ज्या गोष्टीवर आपण रडायच्या बेतात आहोत, तिच्याबद्दल डोंगरातली कुणी बाई आपलं अभिनंदन करते, हे त्यांना बराच वेळ पचेना. मग त्यांनी दीप्तीला फोन लावला. "पातेली बांधायला सुतळी आण. माझ्याकडची संपलीय."

रविवारी दोन्ही गटांनी सगळं बांधलं. झारे, पोळपाट, पुरणयंत्र. बांधताना कुणीच कुणाची नजर चुकवत नव्हतं, कारण सगळेच निघालेले होते. नरेंद्रकाकांनी राइसकुकरमध्ये हात घालून चिठ्ठी काढली. दीप्तीचा गट इचिकावात जाणार होता.

दीप्ती ओरडली, "अहो, पण मी उरायासुत राहते! आणि इचिकावाची सिंधू इथे राहणार?"

सगळ्यांनी वृंदाकडे पाहिलं. वृंदा लालबुंद झाली. "त्यांच्यात सगळे एकाच ठिकाणी राहतात हो. घर कुणाचं कुठे, हा प्रश्नच येत नाही..."

"भूगोलाची डॉक्टर होणार," काका म्हणाले, "आणि पत्ते बघायचे राहिले!"

हॉल हसून हसून लोळला. कुणीतरी म्हणालं, गट बदला की. सिंधूताई म्हणाल्या, "अजिबात नाही. एकदा चिठ्ठी फिरवली की उद्यापासून रुसवेफुगवे. मी येईन पूल ओलांडून."

पुढच्या रविवारी त्या ओट्याशी एकट्या उभ्या राहिल्या. हाताखाली गटातल्या दोन नव्या सुना होत्या, चटपटीत, पण ताईंशी बोलायला बिचकणाऱ्या. आमटी झाली, नैवेद्य झाला, पानं वाढली. पहिला घास घेऊन काका थांबले.

"सिंधू, रागावू नकोस. आमटी अळणी आहे."

अळणी? सिंधूताईंची आमटी? त्यांनी चाखली. खरंच, मीठ जेमतेम निम्मं. एवढ्यात फोन वाजला.

"सिंधे," दीप्तीचा आवाज, मागे पंगतीचा गलका, "माझी सगळी भाजी अळणी झालीय गं. लाज गेली. असं कसं झालं?"

 सिंधूताईंना एकदम कळलं. नैवेद्याआधी दोघीही कधी चाखत नसत. एकीला वाटायचं, दुसरीही घालतेच आहे. म्हणून इतकी वर्षं दोघीही एकाच पातेल्यात हात राखून मीठ घालत आल्या होत्या. कुणी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कधी विचारलंही नव्हतं.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्यातल्या कुणालाच स्वयंपाक येत नाही!"

पलीकडे दीप्ती इतकी हसली की फोन बहुधा पिठात पडला. बाजूच्या दोन्ही सुना आपसूक जवळ सरकल्या. काय झालं ताई, सांगा ना. सिंधूताई सांगायला लागल्या, हसायला लागल्या, आणि सांगता सांगता त्यांनी पातेल्यात आणखी मीठ घातलं.