पूजेला मांडलेली गिटार

नोकरीत चोऱ्या पुष्कळ पाहिल्या आणि बहुतेक विसरूनही गेलो. नेरुळची गिटारची चोरी मात्र अजून डोक्यातून जात नाही. चोर सापडला की पोलिसाची उत्सुकता संपते. इथे ती तिथून सुरू झाली.

फिर्यादी बाई सत्तरीच्या होत्या. गुडघे इतके गेलेले, की पोलीस ठाण्यात येणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून हवालदाराला घेऊन मीच त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. जुनी इमारत, लिफ्ट नाही. बाईंचे दिवंगत पती स्टुडिओत गिटार वाजवायचे आणि घरी शिकवायचे. त्यांची गिटार कपाटातून नाहीशी झाली होती.

"अंदाजे किंमत?" मी विचारलं. बाईंनी आकडा सांगितला आणि हवालदाराचं पेन जागीच थांबलं.

"मावशी, गिटारच म्हणालात ना? मोटार नाही?" त्याने विचारलं.

बाईंनी फोटो दाखवला. नेहमीची गिटार छातीला सपाट असते आणि मधोमध गोल भोक असतं. हिची छाती फुगीर होती आणि दोन्ही बाजूंना व्हायोलिनसारखी वळणदार भोकं होती. याला आर्चटॉप म्हणतात, असं मला त्या दिवशी कळलं. जाड फळी हाताने कोरत कोरत तो फुगवटा काढतात, महिनोन्‌महिने. करणारे कारागीर बोटांवर मोजण्याइतके उरलेत, म्हणून भाव चढत चाललेला.

"पण घेणारे सगळे माझ्याच वयाचे," बाई म्हणाल्या. "तरुण पोरांना असलं सांभाळायला नको असतं. हे म्हातारे गेले की कोण विचारणार? परदेशातला एक शौकीन दिवाळीनंतर न्यायला येणार होता. त्या पैशांत दोन्ही गुडघे करून घ्यायचे होते. साहेब, मी रस्ता पाहते तो या खिडकीतूनच. मला एकदा खाली उतरायचंय हो."

पंचनामा केला. दाराचं कुलूप शाबूत. बाईंना उठून दार उघडणं जमत नसे, म्हणून चावी बाहेरच्या चपलांच्या कपाटात ठेवायची पद्धत होती; येणाऱ्याजाणाऱ्याला ती ठाऊक होती आणि दुपारी बाई झोपलेल्या असत. गिटारशेजारीच सोन्याच्या बांगड्या होत्या, त्यांना कोणी हात लावला नव्हता. पण ओल शोषून घेणारी एक छोटी डबी गिटारबरोबर गेली होती. खाडीकाठच्या दमट हवेत ते लाकूड फुगतं, म्हणून ती डबी.

"साहेब, हा कसला चोर?" हवालदार म्हणाला. "हा तर बाळाबरोबर बाळुतीपण घेऊन गेला."

तुर्भ्यात जुना माल घेणारा आमचा एक खबऱ्या होता. असली वस्तू बाजारात आलीच नाही, असं त्याने सांगितलं. म्हणजे चोरी विकण्यासाठी नव्हती. घरी येणाऱ्या सगळ्यांना एकेक करून बोलावलं. ऐकल्याबरोबर प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "केवढ्याची होती हो?" माणसाचा स्वभावच तो. एकाने मात्र विचारलं नाही. तो बाईंच्या पतींचा, म्हणजे त्याच्या सरांचा, शिष्य, पस्तिशीचा, उलव्याच्या आगरी घरातला. हळदीला वाजवणारी त्याची बेंजो पार्टी होती. सर गेल्यावरही दर रविवारी बाईंना, त्याच्या काकींना, ताजी मासळी आणून देणारा.

"मना काय म्हाईत नाय, साहेब," एवढंच तो खाली बघून म्हणाला. संशय आला, पण संशयावर घरझडती घेता येत नाही.

मग खंडेनवमी आली. ठाण्यात आम्ही शस्त्रपूजा करतो. शस्त्रागाराच्या जमादाराने सगळ्या रायफली पुसून मांडल्या आणि शेवटी एक जुनाट, निकामी बंदूकही आणून ठेवली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"घरात आहे ना, साहेब? मग पूजेला पाहिजेच. आजच्या दिवशी वगळलं तर दोष लागतो."

मी हातातली फुलं ताटात ठेवली. वाजवणाऱ्यांकडेही आज वाद्यांची पूजा असणार! दोन पंच घेतले आणि साध्या कपड्यांत उलव्याला निघालो.

बेंजो पार्टीच्या खोलीत ढोल, ताशा, कीबोर्ड, बेंजो अशी ओळ मांडलेली होती. सगळ्यांच्या पुढे, नव्या टॉवेलवर, फुगीर छातीची गिटार. लाकडाला डाग पडू नये म्हणून हळदकुंकू गिटारला न लावता शेजारी विड्याच्या पानावर वाहिलेलं. आम्हाला पाहून तो पळाला नाही. "आरती होऊ द्या, साहेब," म्हणाला. आम्हीही टाळ्या वाजवत उभे राहिलो.

ठाण्यात मी विचारलं, "पोलीस मागावर आहेत हे ठाऊक असताना ती उघड्यावर मांडलीस?"

"आजच्या दिसाला कपाटान ठेवू? सरांचा वाद्य हाय. पूजेला नाय मांडला त सरांना काय तोंड दावू?"

"मग चोरलीस कशाला?"

"तो परदेशवाला काचंच्या कपाटान ठेवनार, वाजवनार नाय. वाजवला नाय त मरतं वो ते."

"बापाच्या दोन इमारती आहेत. विकत घ्यायचीस!"

तो दचकला. "काकींना पैशे दाखवू? सरांच्या वाद्याचा भाव करू? जीब झडंल माजी."

मी बाईंना जाऊन सांगितलं. त्या रडल्या, मग हसल्या. "त्याला विकायचा विचार माझ्या मनात तरी कसा येईल? शिष्याकडून पैसे घ्यायचे? मागितली असती तर देऊन टाकली असती. पण मग माझे गुडघे?"

चोरी करताना जो लाजला नाही, तो भाव विचारायला लाजला. आणि परक्याला विकायला निघालेली बाई आपल्या माणसाला विकायला लाजली. मी कपाळावर हात मारला.

आरोपीला जामीन मिळाला. मुद्देमालाच्या खोलीत ओल होती, म्हणून गिटार माझ्या केबिनमध्ये एसीखाली ठेवली. दार बंद असल्याची खात्री करून एकदा तार छेडलीही. नाद बराच वेळ छातीत घुमत राहिला. किंमत तेव्हा थोडी समजली. पुढे कोर्टाने ती सुपूर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळण्याची लेखी हमी घेऊन, बाईंना परत दिली, पण खटला संपेपर्यंत विकायची नाही, या अटीवर. परदेशी शौकीन थांबला नाही, त्याने दुसरीकडे घेतली.

"चोर पकडला आणि सौदा बुडाला," हवालदार म्हणाला.

मला ते लागलं. जे माझं काम नव्हतं, ते मी केलं. त्या शिष्याला गाठून विचारलं, "विकत घ्यायची नाही, कबूल. पण गुरुदक्षिणा कधी दिलीस?"

"सर घेतच नव्हते."

"मग काकींना दे. त्यांना काय हवंय, ते तुला माहीत आहे."

 तो डोळे पुसून उठला आणि थेट बाईंकडे गेला. त्या गुरुदक्षिणेतून गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. किमतीचा शब्द कोणी काढला नाही. बाईंनी मला कोर्टाचा कागद दाखवून विचारलं, "विकू नये असं लिहिलंय. वाजवू नये असं कुठंय?" दर रविवारी मासळी दिल्यावर तो ती वाजवायलाही बसू लागला. पुढे कोर्टाच्या परवानगीने प्रकरण आपसात मिटलं.

चोराला काय हवं होतं, हे आम्ही नेहमीच शोधतो. या गुन्ह्यानंतर मी आणखी एक गोष्ट विचारू लागलो: हवं होतं, तर त्याने मागितलं का नाही? बरेच गुन्हे मला त्या उत्तरात सापडले.

पुढच्या खंडेनवमीला उलव्याहून आमंत्रण आलं. आरती झाली आणि त्याने ती गिटार उचलून हळदीचं गाणं सुरू केलं. एवढ्या भारी वाद्यावर हळदीचं गाणं! सर असते तर रागावले असते का, असं मी शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारणार होतो. पण बाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तीन मजले स्वतःच्या पायांनी उतरून आलेल्या त्या बाई नव्या गुडघ्याने ताल धरून बसल्या होत्या.