नाव न घेता

पनवेलच्या एसटी स्टँडमागे एका दुकानाच्या माडीवर आमचं मानसिक आरोग्याचं केंद्र होतं. व्हॉट्सॅप नुकतं आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी स्वतः दोन वर्षं नैराश्याच्या गोळ्या खाऊन सावरलो होतो, म्हणून मला तिथे ‘सोबती’ नेमलं. काम सोपं वाटायचं: आपलं सांगायचं, समोरच्याचं ऐकायचं आणि ऐकलेलं तिथेच ठेवायचं.

माझ्याकडे मोरा बंदराकडच्या एक मावशी येत. पनवेलच्या बाजारात मासे विकायच्या. झोप, जेवण, काम, माणसं असे भाग पाडलेलं एक गोल चित्र आम्ही प्रत्येकाकडून रंगवून घेत असू. मावशींनी झोप सोडून सगळं रंगवलं आणि म्हणाल्या, “दादा, बाकी मी भरलेली हाय. येवढाच कोपरा फाटलाय.”

त्या कोपऱ्यासाठी डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. एक दुपारची होती. बाजारात कळू नये म्हणून मावशी बरोबर एक वाजता माशांची पाटी झाकून “देवाला जाऊन येते” म्हणत उठायच्या आणि देवळामागे गोळी घ्यायच्या. महिन्याभरात त्यांना झोप लागू लागली. मला कोण आनंद झाला!

त्याच आनंदात घात झाला. केंद्रात दर आठवड्याला बोलायला बसणाऱ्या गटात एक नवा रिक्षावाला आला होता. गोळ्यांची त्याला लाज वाटे. त्याला धीर द्यायला मी म्हणालो, “एक मावशी आहेत, नाव घेत नाही हं...” आणि एक वाजताचा देव सांगून मोकळा झालो.

तो खुलला. “अरे, ती होय! तिच्या टोपल्या रोज मीच आणतो की!”

आठवड्यात बाजार बोलू लागला. “देवाला निघालीस? आमाला पन आन गो गोलीचा परसाद!” मावशींनी एक वाजता उठणं बंद केलं. गोळी सुटली, झोप गेली. लाल डोळ्यांनी त्या माडी चढून आल्या.

“दादा, कोनी सांगितला?”

“रिक्षावाल्यांना काय, कुठूनही कळतं,” मी म्हणालो.

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. महिन्याच्या बैठकीत केंद्राच्या मुख्य बाईंनी मावशींची गोष्ट बाहेर कशी गेली असं विचारलं, तेव्हाही मी चहा ढवळत बसलो होतो.

तीन आठवड्यांनी, गिऱ्हाईक नाही असं बघून, मी मावशींच्या पाटीसमोर उकिडवा बसलो. “मीच सांगितलं. पण नाव नव्हतं घेतलं.”

त्यांनी कोयता खाली ठेवला. “नाव नाय घेतला? आमच्यात नवऱ्याचा नाव कोनच घेत नाय. म्हनून तो कोनाचा नवरा, ते गावाला ठावं नसतं व्हय?”

शेजारची हसली. मलाही हसू आलं आणि ते तोंडातच राहिलं.

“बाईंना सांगा आता, सर,” मावशी म्हणाल्या. दादाचा सर तिथेच झाला.

त्याच दिवशी मी बाईंना सांगितलं. माझं गटाचं काम वर्षभर थांबलं. मावशींना दुसरी सोबतीण मिळाली. कधीतरी त्या पुन्हा एक वाजता उठू लागल्या, आणि म्हणे बाजारातल्या बायकांना उघड सांगून, “गोली घेऊन येते.” हे मला रिक्षावाल्याकडून कळलं. मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

मी अजून त्यांच्याकडूनच मासे घेतो. मावशी, कशा आहात, असं विचारलं की म्हणतात, “बोंबील ताजे हायत, सर. घ्या.”

मी घेतो.